साष्टीच्या लेण्यांतील दुःखविचार

बोरिवली स्थानकापासून काही किलोमीटरच्या परिसरात तीन धर्मस्थळे आहेत. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अंतर्भागात कान्हेरीची बौद्ध लेणी, पश्चिमेला दहिसर नदीच्या बाजूस मंडपेश्वराचे शैव लेणे आणि त्याच्या माथ्यावर ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष, तर खाडी ओलांडली की गोराईचा विपश्यना पॅगोडा. थोडे दक्षिणेकडे आले की जोगेश्वरीचे प्रचंड शिवलेणे लागते आणि अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याची, म्हणजेच आजच्या महाकालीची लेणी. रोज लोकलने या भागातून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ही सर्व स्थळे पाहिलेली असतात. ज्यांनी पाहिली आहेत तेही त्यांकडे बहुधा सहलीची ठिकाणे म्हणूनच पाहतात.

'सर्व धर्मांचे सार एकच' हे वाक्य व्यासपीठावरून वारंवार ऐकू येते. उपनगरांतल्या या डोंगरांची साक्ष काढली तर ते वाक्य निम्मेच खरे ठरते. येथे येऊन गेलेल्या धर्मांनी विचारलेला प्रश्न बराचसा एकच आहे: मनुष्याच्या वाट्याला दुःख का येते आणि त्याचा अंत कसा होतो? उत्तरे मात्र एक नाहीत. ती देताना या धर्मांनी एकमेकांचे शब्द, एकमेकांच्या कथा आणि प्रसंगी एकमेकांचे दगडसुद्धा घेतले. काही मागून घेतले, काही हिसकावून.

ठाण्याची खाडी, वसईची खाडी आणि अरबी समुद्र यांनी वेढलेल्या या बेटाचे जुने नाव साष्टी. सहासष्ट गावांचा समूह, म्हणून षट्षष्टी, त्यावरून साष्टी, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे सालसेत झाले. गोव्यातही एक साष्टी आहे आणि या लेखाच्या उत्तरार्धात तिचाही संबंध येणार आहे.

कान्हेरीला तेथील प्राकृत शिलालेखांत 'कण्हसेल' म्हटले आहे, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि जवळजवळ एक सहस्रक भिक्षूंची वस्ती राहिली. लेण्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. बहुतेकांत एक खोली, दगडी बाक आणि दाराशी पाण्याचे टाके. यापेक्षा अधिक काही भिक्षूला लागू नये, हा त्या रचनेतच सांगितलेला धर्म आहे. मोठे चैत्यगृह दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातले. ते खोदवून घेणारे व्यापारी होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतले सावकार, सोनार, लोहार, गृहस्थ व त्यांच्या स्त्रिया यांची नावे येथल्या लेखांत आढळतात. पुष्कळांनी 'अक्षयनीवी' ठेवली होती. मुद्दल कायम राखून व्याजातून भिक्षूंना वस्त्रे, पादत्राणे मिळावीत, अशी ती व्यवस्था. आजच्या भाषेत कायम ठेवच ती. सर्वस्वाचा त्याग केलेल्यांचा योगक्षेम व्याजावर चालत होता, ही गोष्ट थोडी गमतीची वाटली तरी त्या काळच्या समाजाच्या व्यवहारबुद्धीची आणि श्रद्धेची एकाच वेळी खूण पटविणारी आहे.

हे दाते केवळ बौद्धच होते असे नाही. कोंडिविट्याच्या एका लेखात गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिल्याची नोंद आहे. पुढे नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या अमलाखाली कोकणात राज्य करणारे शिलाहार हे शैव. अंबरनाथचे प्रसिद्ध शिवमंदिर त्याच घराण्याच्या काळातले. पण त्यांच्या राजवटीत कान्हेरीच्या विहाराला देणग्या मिळत राहिल्या. एका लेखात बुद्धपूजा, दुरुस्ती आणि भिक्षूंची वस्त्रे यांबरोबर ग्रंथांसाठीही रक्कम राखून ठेवली आहे. गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म दिल्याचा उल्लेख दुसऱ्या एका लेखात येतो. एका पंथाचे दैवत पूजणाऱ्याने दुसऱ्या पंथाच्या विरक्तांना दान द्यावे, हा त्या काळी अपवाद नव्हता, शिष्टाचार होता.

कान्हेरीच्या भिक्षूने दुःखाविषयी काय सांगितले असते, हे ठाऊक आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्या निरोधाचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये. मराठी वाचकाला ती मूळ पाली ग्रंथांच्या आधारे समजावून देण्याचे मोठे काम धर्मानंद कोसंबी यांनी केले. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या शोधात नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा फिरला आणि १९४० साली त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या चार सत्यांशी पातंजल योगदर्शन ताडून पाहावे. तेथेही चार पायऱ्या आहेत: टाळावयाचे ते 'हेय', त्याचे कारण 'हेयहेतू', त्याचा नाश 'हान' आणि नाशाचा उपाय 'हानोपाय'. योगसूत्रांवरील व्यासभाष्य याला वैद्यकाचा दाखला देते. रोग, रोगाचे निदान, आरोग्य आणि औषध, तशीच ही मांडणी. योगसूत्रांत चित्तप्रसादासाठी सांगितलेल्या मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावना बौद्ध परंपरेत 'ब्रह्मविहार' म्हणून येतात, त्याच नावांनी आणि त्याच क्रमाने. सांख्यकारिकांचा आरंभच तीन प्रकारच्या दुःखांच्या उल्लेखाने होतो: आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. शांतिपाठाच्या शेवटी 'शांतिः' तीनदा का म्हणतात, याचे उत्तर परंपरेने या तीन तापांतच दिले आहे. न्यायदर्शन मोक्षाची व्याख्या करते तीही दुःखातून आत्यंतिक सुटका अशीच.

साम्य इतके की कोणी कोणाकडून घेतले, असा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालत आला. पण साम्याच्या या रेषेवर बोट ठेवून पुढे सरकले की ती एका जागी तुटते. योगदर्शनाला दुःखाच्या पलीकडे पाहणारा, अविकारी असा 'द्रष्टा' सापडतो आणि त्याचे स्वरूपात स्थिर होणे म्हणजे कैवल्य. बुद्धाच्या विश्लेषणात असा कायमचा 'मी' शोधूनही सापडत नाही आणि तो आहे ही समजूतच दुःखाचे मूळ ठरते. निदान जवळजवळ एक, उपचारांत पुष्कळ सारखेपणा, पण बरा कोण होतो, या प्रश्नाशी दोन्ही वैद्य वेगळे होतात. हा भेद शब्दांचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यावर भारतात हजार वर्षे वाद झाले आणि त्या वादातूनच दोन्ही बाजूंचे तर्कशास्त्र तावूनसुलाखून निघाले.

कान्हेरी ऐन भरात असताना, सहाव्या शतकात, याच बेटावर शिवाची मोठी लेणी खोदली जाऊ लागली. जोगेश्वरीचे लेणे साधारण सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले मानले जाते. लांबच लांब पायऱ्या, अंधारे प्रवेशमार्ग, मधोमध खांबांनी वेढलेले गर्भगृह. शिवपार्वतीचा विवाह, त्यांचा सारीपाट, नृत्यमग्न शिव अशी शिल्पे आता बरीच झिजली आहेत. त्यांतच एक आकृती आहे लकुलीशाची. ध्यानस्थ बसलेला हा आचार्य प्रथमदर्शनी बुद्धासारखाच वाटतो; हातातला दंड तेवढा त्याची ओळख पटवतो. गुजरातेतील कायावरोहण, आजचे कारवण, हे त्याचे स्थान. शिवाचा अवतार मानला गेलेला हा लकुलीश म्हणजे पाशुपत पंथाचा आद्य आचार्य. जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि घारापुरी ही लेणी याच पंथाच्या प्रभावाखाली घडली, असे अभ्यासक मानतात.

पाशुपतांचे तत्त्वज्ञान आज विस्मृतीत गेले आहे. 'पाशुपतसूत्र' आणि त्यावरील कौंडिण्याचे भाष्य हे ग्रंथ विसाव्या शतकात त्रिवेंद्रमला छापले गेले, तेव्हा कोठे त्याची नीट ओळख झाली. हे दर्शन पाच पदार्थ मानते: कार्य, कारण, योग, विधी आणि पाचवा 'दुःखान्त'. मराठीत आज 'दुःखान्त' म्हटले की रंगभूमीवरील शोकनाट्य आठवते. पाशुपतांच्या परिभाषेत त्याचा अर्थ अगदी उलट आहे. दुःखाचा अंत, म्हणजेच परम प्राप्ती. जीव हा 'पशू', बंधन हा 'पाश' आणि सोडवणारा शिव हा 'पती'.

त्यांची साधना विलक्षण होती. पहिल्या अवस्थेत साधक देवळाजवळ राहतो, दिवसातून तीनदा भस्मस्नान करतो, देवापुढे हसतो, गातो, नाचतो. जोगेश्वरी व मंडपेश्वरातला नाचणारा शिव हा अशा उपासकांचा आदर्श होता, हे ध्यानी घेतले की ती शिल्पे निव्वळ अलंकरण राहत नाहीत. दुसऱ्या अवस्थेत तो आपली खूण लपवून लोकांत जातो आणि मुद्दाम वेड्यासारखे वागतो, जेणेकरून लोक त्याचा अपमान करतील. अपमान करणाऱ्याचे पुण्य आपल्याकडे येते आणि आपले पाप त्याच्याकडे जाते, अशी त्यामागची धारणा. नंतर तो शून्य घरात किंवा गुहेत एकांतवास करतो, पुढे स्मशानात. आणि अखेर काय? इतके सारे करूनही दुःखान्त साधकाच्या कर्तृत्वाने होत नाही, तो ईश्वराच्या प्रसादाने होतो, असे सूत्रांचा शेवट सांगतो. कान्हेरीच्या भिक्षूने दुःखनिरोध मागितला असता तर त्याला मार्ग दाखवला गेला असता; चालायचे त्यानेच. जोगेश्वरीच्या साधकाला अखेरीस हात पसरावे लागत. दोन्ही लेण्यांत बसलेला माणूस भिक्षापात्र घेतलेला, गुहेत राहणारा, घर सोडलेला. दुरून पाहणाऱ्याला दोघांत फरक कळलाही नसेल.

आणि हा फरकही काळाबरोबर पातळ होत गेला. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींतून संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत: हत्ती, सिंह, सर्प, आग, चोर, बंधन, बुडते जहाज. त्या संकटांतून धाव घेऊन सोडविणारा हा करुणामय बोधिसत्त्व. स्वतःच्या पायांनी चालण्याचा उपदेश करणाऱ्या धर्मात हाकेला धावणारा तारक आला तो असा. दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या प्रदेशात बुडत्या जहाजाची चौकट कोणाला सर्वांत जवळची वाटली असेल, हे सांगायला नको.

याच लेण्यात आणखी एक नोंद आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पहलवी लिपीत, यज्दगर्दी सन ३७८ आणि ३९० म्हणजे इसवी सन १००९ आणि १०२१ या वर्षांत, येथे येऊन गेलेल्या झरथुष्ट्री मंडळींची नावे वडिलांच्या नावांसह कोरलेली आहेत. भारतातील पारशांच्या इतिहासाची ही फार जुनी, दिनांकित साधने. ही माणसे कान्हेरीला का आली, हे त्या लेखांत सांगितलेले नाही. पण त्यांचा धर्म या लेण्यांच्या धर्मापासून किती दूर होता! झरथुष्ट्राच्या शिकवणीत दुःख ही जगाची मूळ प्रकृती नव्हे. अहुरमज्दाने निर्माण केलेले जग चांगले आहे आणि दुःख हा त्यावर बाहेरून झालेला हल्ला आहे. सुविचार, सुवचन आणि सुकृत्य यांनी त्या हल्ल्याशी झुंजणे हा मानवाचा धर्म. घरदार सोडणे, ब्रह्मचर्य, उपवास यांना त्यात गौरव नाही. संसार हे त्यांचे रणक्षेत्र होते आणि ते ओस पडू देणे म्हणजे शत्रूला वाट मोकळी करणे. अशा धर्माच्या माणसांनी संन्याशांच्या गुहेत आदराने आपली नावे कोरली. मत पटले म्हणून नव्हे, स्थळाची थोरवी जाणवली म्हणून, असे मानायला जागा आहे.

सोळाव्या शतकात चित्र पालटले. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई व तिच्या अधिकारातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला, त्यात साष्टी बेटही गेले. मागोमाग फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले. त्यांच्यातल्या फ्रिअर आंतोनियो दो पोर्तो याचे नाव या भागातील धर्मांतरांशी आणि देवळांच्या नाशाशी जोडलेले आहे. मंडपेश्वराचे लेणे ताब्यात घेऊन त्याचे चर्च करण्यात आले, शैव शिल्पे भिंतीआड गेली आणि वर टेकडीवर मठ व विद्यालय उभे राहिले. लेण्याच्या बाहेरच्या बाजूला एक शिल्पपट तासून त्यावर कोरलेला मोठा क्रूस आजही स्पष्ट दिसतो. कान्हेरीत तेव्हा भिक्षू नव्हते, योगी राहत होते. त्यांतील दोघांना बाप्तिस्मा देऊन पोर्तुगीज नावे दिल्याचे त्या काळचे वृत्तांत सांगतात आणि तेथील चैत्यगृहातही चर्च झाले. धर्मांच्या परस्परसंबंधांचा इतिहास लिहिताना हा भाग गाळण्याचा मोह होतो. तो गाळला तर बाकीचाही खोटा ठरतो.

पण याच काळात कान्हेरीच्या संदर्भात एक अपूर्व गोष्ट घडली. पोर्तुगीजांचा बखरकार दियोगो दो कौतो हा गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख होता. पूर्वेकडील देशांत पूजिल्या जाणाऱ्या 'बुदाव'ची, म्हणजे बुद्धाची, कथा त्याच्या कानी आली. राजाला एकच पुत्र होतो; हा मोठा विरक्त होईल असे भविष्य ज्योतिषी वर्तवतात; राजा त्याला दुःखाचे दर्शनही होऊ नये म्हणून ऐश्वर्यात कोंडून ठेवतो; पण रोगी, वृद्ध आणि मृत देह दिसल्यावर राजपुत्र घर सोडतो. कौतोला ही कथा ओळखीची वाटली. युरोपात शतकानुशतके वाचल्या जाणाऱ्या संत जोसाफत आणि त्याचा गुरू बर्लाम यांच्या चरित्राशी ती जुळत होती. त्याने साष्टीत चौकशी केली, तेव्हा एका अतिवृद्ध माणसाने सांगितले की कान्हेरीची ही लेणी त्या राजपुत्राच्या पित्यानेच मुलाला एकांतात वाढविण्यासाठी बांधविली होती. कौतोने ही माहिती आपल्या ग्रंथात नमूद केली आणि निष्कर्ष काढला की हा बुद्ध म्हणजे आपला जोसाफतच असावा.

त्याने दोन कथांचे नाते अचूक ओळखले, फक्त दिशा उलटी धरली. बुद्ध जोसाफतावरून झाला नव्हता, जोसाफत बुद्धावरून झाला होता. 'बोधिसत्त्व' हा शब्द मध्य आशियातून पश्चिमेकडे गेला आणि अरबीत 'बूदासफ' झाला. अरबी लिपीत शब्दारंभीच्या 'ब' आणि 'य' यांत फरक केवळ नुक्त्याचा. एक नुक्ता जास्त पडला आणि 'बूदासफ'चा 'यूदासफ' झाला. बगदादच्या वैभवकाळात 'बिलौहर आणि यूदासफ' ही कथा मुस्लिम वाचकांत लोकप्रिय होती. दहाव्या शतकातील शिया विद्वान इब्न बाबूया यानेही ती आपल्या ग्रंथात घेतली. अरबीतून ती जॉर्जियन भाषेत गेली आणि तेथे ख्रिस्ती झाली. मग ग्रीक, अकराव्या शतकात लॅटिन आणि नंतर युरोपातल्या बहुतेक भाषा. रोमन चर्चच्या संतनामावलीत २७ नोव्हेंबरला बर्लाम व जोसाफत यांची स्मृती नोंदली गेली. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील पेट्यांच्या निवडीची गोष्टही याच कथासंग्रहातून युरोपात पोहोचली होती. जोसाफत म्हणजे बुद्ध, हे युरोपीय पंडितांनी साधार सिद्ध केले ते १८५९-६० च्या सुमारास. तोवर कित्येक शतके ख्रिस्ती जग नकळत सिद्धार्थाला संत मानून वंदन करीत होते आणि त्याच जगातले धर्मगुरू कान्हेरीत येऊन बुद्धाच्या चैत्यात वेदी उभारीत होते.

कथेने धर्म बदलला तेव्हा तिचा गाभा मात्र बदलला. बुद्धचरितात राजपुत्र दुःखाचे मूळ शोधायला निघतो आणि ते स्वतःच्या तृष्णेत सापडते. ख्रिस्ती कथेत बर्लाम त्याला सृष्टिकर्त्याची ओळख करून देतो आणि जग सोडण्याचे कारण अनित्यता एवढेच न राहता ईश्वराचे प्रेम हे होते. पात्रे तीच, शेवट वेगळा.

शब्दांच्या बाबतीत हेच ख्रिस्ती मराठी पुराणांत दिसते, आणि येथे गोव्याच्या साष्टीकडे वळावे लागते. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने तेथे आयुष्य काढले आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नवख्रिस्तींची जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काही द्या, अशी मागणी त्यांच्याकडून झाली, हा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीच गुंफलेला आहे. स्टीफन्सने मराठीचा ओवीछंद घेतला, स्वर्गासाठी 'वैकुंठ' घेतले, 'मुक्ती' घेतली. हे ग्रंथधन देवनागरीत मराठी वाचकांच्या हाती पडायला १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मुंबईच्या साष्टीलाही स्वतःचे पुराण होते. फ्रान्सिस्कन पाद्री फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश याचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण १६५९ साली लिस्बनमध्ये छापले गेले. भाषा उत्तर कोकणातली, वसई-साष्टीच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना कळणारी मराठी बोली. उपवासकाळात ते गावोगाव गायले जाई. १८४५ साली ते पुन्हा छापावे लागले, यावरून ते लोकांत किती काळ टिकून होते हे कळते. आजचा ईस्ट इंडियन समाज, ज्याची गावठाणे अंधेरी, मरोळ, कुर्ला, बोरिवली येथे इमारतींच्या गराड्यात अजून ओळखू येतात, हा याच श्रोत्यांचा वंशज.

या पुराणांचा विषय पुन्हा दुःखच. परंतु वैकुंठ हा शब्द तोच राहिला तरी त्या वैकुंठाचा स्वामी विष्णू नव्हता आणि तेथे नेणारा मार्ग जन्ममृत्यूच्या फेऱ्यातून जात नव्हता. मुक्ती हा शब्द राहिला, पण ती कर्मबंधातून नव्हे, पापातून. आणि दुःख? ते येथे केवळ टाळावयाचे 'हेय' नाही. निष्पाप व्यक्तीने दुसऱ्यांसाठी ते पत्करले आणि त्यातूनच सर्वांचा उद्धार झाला, असे हे पुराण सांगते. इतरांसाठी निर्वाण लांबणीवर टाकणारा बोधिसत्त्व येथे आठवतो. पाशुपत साधकाने ओढवून घेतलेला अपमानही आठवतो, कारण ख्रिस्ताच्या दुःखभोगातही थट्टा, थुंकणे, काट्यांचा मुकुट आहे. तरी पाशुपत साधक अपमानाच्या बदल्यात दुसऱ्याचे पुण्य घेतो आणि स्वतःचे पाप त्याला देतो. ख्रिस्ताच्या कथेत देवघेव नेमकी उलटी आहे. अपमान करणाऱ्यांचे पाप तो स्वतःवर घेतो. मंडपेश्वराच्या एकाच गुहेत हे दोन विचार हजार वर्षांच्या अंतराने राहून गेले.

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि मंडपेश्वरावरचा मठ ओस पडला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी बेट घेतले. आज लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत शिवलिंगाची पूजा होते, महाशिवरात्रीला रांगा लागतात. क्रूस कोरलेला दगड बाहेर तसाच आहे. जवळच्या चर्चच्या 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' या नावावरून आसपासच्या वस्तीला आय. सी. कॉलनी म्हणतात, हे तेथे राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. वांद्र्याच्या टेकडीवर ८ सप्टेंबरनंतरच्या जत्रेत 'मोत माउली'ला नवस बोलणाऱ्यांत हिंदू स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. हात, पाय, घर, बाळ यांच्या मेणाच्या आकृती त्या वाहतात. दुःखाचा आत्यंतिक अंत त्यांनी मागितलेला नसतो. मुलाचा ताप उतरावा, डोक्यावर छप्पर असावे, एवढेच. शास्त्रांनी ज्या आधिभौतिक आणि आध्यात्मिक तापांची वर्गवारी केली, ते ताप प्रत्यक्षात असे असतात.

बुद्ध मराठी मनातून पूर्णपणे गेलाच नव्हता. दशावताराच्या जुन्या चित्रांत आणि पंचांगांत नवव्या अवताराच्या जागी अनेकदा विठ्ठलाची आकृती दिसते आणि संतांनीही विठ्ठलाला बौद्धावतार म्हटले आहे. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे आपण मानणार नाही, ही त्यांच्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक. ज्या समावेशात आपल्या माणसांना माणूस म्हणून जागा नव्हती, तो समावेश त्यांनी नाकारला. दुःखाच्या कारणांत त्यांनी तृष्णेबरोबर समाजाने माणसावर लादलेला अन्यायही पाहिला. आज कान्हेरीच्या पायऱ्या चढून चैत्यापुढे हात जोडणाऱ्यांत त्यांचे अनुयायी असतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या मूर्ती त्यांच्यामुळे पुन्हा वंदनीय झाल्या आहेत.

दुसऱ्या वाटेने बुद्धाची साधना परत आली ती ब्रह्मदेशातून. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली मंडाले येथील एका सनातनी मारवाडी हिंदू कुटुंबात झाला. अर्धशिशीच्या असह्य वेदनेवर उपाय शोधत ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि विपश्यना शिकले. १९६९ साली भारतात आल्यावर त्यांनी पहिले शिबिर मुंबईतच घेतले. गोराईचा पॅगोडा २००९ साली खुला झाला. रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्याच्या धर्तीवर उभारलेल्या या वास्तूच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे ८,००० साधक एकत्र बसू शकतात. २०१३ साली निधन पावलेले गोयंका सतत सांगत की ही विद्या कोणत्याही संप्रदायाची नाही. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, जैन कोणीही आपला धर्म न सोडता ती करू शकतो. शिबिरांना तसे लोक येतातही. मात्र प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला एक नियम मान्य करावा लागतो. दहा दिवस जप, पूजा, प्रार्थना, उपवास सर्व थांबवायचे आणि गळ्यातली जपमाळ, ताईत, क्रूस सोबत आणायचे नाहीत.